आक्काला डोंबिवलीची हवा मानवेल का

डोंबिवली पूर्व,
संक्रांतीचा दुसरा दिवस, १९८८

ती. आक्का,

बाळचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, सरळ व्हायला नीलाने हात दिला.) तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

तू विचारलंस, नगरचं घर विकून कायमची तुझ्याकडे येते, तिथली हवा मला मानवेल का? जन्मभर शाळेत भूगोल शिकवलास, तुला मी काय सांगणार! पण आक्का, नकाशात ओल दिसत नाही. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री, मधे खाड्या, उल्हास नदी आणि आम्ही. ढगांना घाट चढायचं जिवावर येतं, म्हणून सगळं ओझं ते आमच्या डोक्यावर उतरवतात आणि मोकळ्या हातांनी तुमच्या नगरला येतात. मलंगगड ढगात गेला की नीला वाळत घातलेले कपडे आत आणते. (आत ते वाळतात असं समजू नकोस.) मिठाला पाणी सुटतं, काडी पेटत नाही आणि माझ्या लग्नातल्या कोटावर दर श्रावणात हिरवी लव उगवते.

न्हाणीघराचं दारच घे. गेल्या पावसाळ्यात ते फुगलं आणि नीलाचे मामा आत अडकले. कल्याणहून सुटणारी त्यांची एसटी त्यांच्याशिवाय सुटली. मग तानाजी सुताराने रंधा मारून दार इतकं सुरेख बसवलं, की आम्ही त्याला दोनदा चहा पाजला. आता थंडी आली (आमची थंडी म्हणजे पंखा एकवर), लाकूड सुकलं, दार आटलं, आणि कडी काही केल्या कोयंड्यापर्यंत पोचत नाही. सध्या आत गेलेल्या माणसाने मोठ्याने रामरक्षा म्हणत आंघोळ करायची, असा घरात नियम आहे. तानाजीला पुन्हा बोलावलं, तर म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. जूनमधे बसेल बरोबर."

आपल्या नगरच्या घराचं दार बारा महिने एका हाताने लागतं. तेव्हा घर विकायचं मनातून काढून टाक.

तुझा,
बाळ

ता. क. नीलाने पत्र वाचलं. (न विचारता.) म्हणते, "अहो, वन्संना येऊ नका असं लिहिलंय की काय?" तसं मुळीच नाही. तू ये. खिडकीजवळची खाट तुझी. तू तिकडे एकटी जेवतेस हे आठवलं की मला इथे घास उतरत नाही.

आणखी एक. ये, पण घर विकू नकोस. हवेचं सगळं रामायण त्यासाठीच लिहिलं. कुलूप लाव आणि किल्ली बरोबर आण. पंचवीस वर्षं इथे काढली, तरी कोणी गाव विचारलं की मी नगर सांगतो. ते घर गेलं, तर काय डोंबिवली सांगू?