ढब्बूच्या शाळेची जागा

मांजरी,
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप ललिताआत्यास,
मैत्रीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलची अक्षरं डोळ्यांना सोसत नाहीत, म्हणून बऱ्याच वर्षांनी पेन शोधलं. अक्षरावरून मार्क कापू नका.

बातमी अशी, की आपल्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं आहे. धम्मदीपला हडपसरच्या बाजारात पोत्यांमागे सापडलं. दोन दिवस ठेवू म्हणाला होता, त्याला महिना झाला. पूर्वाने नाव ठेवलं ढब्बू. रंग तांबूस, पोट नगाऱ्यासारखं आणि अक्कल बेताची. धम्मदीपच्या ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा त्याने खाल्ला. त्यावर धम्मदीप म्हणाला, की निदान कोणाला तरी ती कंपनी गोड लागली.

मागच्या अंगणात त्याला लांब दोरीने पेरूच्या झाडाला बांधतो आणि कोणीतरी सतत लक्ष ठेवतो, नाहीतर तो माती उकरतो, चपला पळवतो. पूर्वा शाळेतून आली की त्याला शिकवते. पोळीचा तुकडा दाखवला की ‘बस’ जमतं. ‘थांब’ म्हटलं की मात्र तो फाटकाकडे धावतो. तुम्ही एवढी वर्षं मुख्याध्यापिका होतात, काही उपाय सुचवा.

पूर्वाचा गोड पापा. लोभ आहेच, तो पत्रातूनही पोचू द्या.
आपली,
मैत्री

कर्वेनगर,
९ जानेवारी

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षराबद्दल काही लिहीत नाही, यातच समज.

माझ्याकडे सातवी ‘ब’ होती, तेव्हा कुत्र्याचा अनुभव नाही असं म्हणता येणार नाही. तुमचं चुकतं ते इतकंच, की तिघं तीन तऱ्हांनी सांगता. शब्द एकच ठेवा, आवाज चढवू नका आणि चुकलं तर मारू नका. मुख्य म्हणजे वर्ग रस्त्यावर भरवू नये. फाटक दिसलं की लक्ष जाणारच. फाटकापासून दूर, स्वयंपाकघराच्या भिंतीलगतचा जो कोपरा आहे, तिथे रोज त्याच जागी बसवा. जागेची सवय लागली की निम्मं शिक्षण झालं.

मी मजेत आहे. गुडघे माझ्याबरोबर उठत नाहीत, एवढंच. पूर्वाबाईंना सांग, गुरुजींनी विद्यार्थ्याचा खाऊ स्वतः खाऊ नये.

सगळ्यांनी प्रकृतीला जपावं आणि या म्हातारीला आठवणीत ठेवावं.
तुझी,
आत्या

मांजरी,
१९ जानेवारी

तीर्थरूप आत्यास,
सविनय जय भीम.

आधीच लिहिते, आम्ही सगळे सुखरूप आहोत. ढब्बूसुद्धा. आता पुढचं वाचा.

कोपऱ्यातली शाळा छान चालली होती. ढब्बू ‘थांब’ शिकत होता. गुरुवारी पूर्वा तिथे पाटावर बसली होती, समोर तो. मी स्वयंपाकघराच्या पायरीवर मटार सोलत होते. धान्याचं पोतं जमिनीवर टेकवावं, तसा काहीतरी आवाज झाला. मोठा नव्हता. मान वर केली तर ढब्बू नव्हता. दोरी ताणलेली होती आणि तिचं टोक जमिनीत गेलं होतं. पूर्वाच्या पायांपुढे काळं भोक होतं आणि पोर वाकून त्यात बघत होती.

फ्रॉकला धरून तिला मागे ओढली, घरात आणली आणि दाराला कडी घातली. पिल्लू खाली पट्ट्यावर लोंबकळत केकाटत होतं. पूर्वा माझे हात कडीवरून सोडवायचा प्रयत्न करत होती. मी तशीच उभी राहिले, आत्या. त्याचा आवाज ऐकत उभी राहिले.

धम्मदीप त्या दिवशी घरूनच काम करत होता. तो धावत खाली आला, मला बाजूला केलं, जमिनीवर शिडी आडवी टाकली आणि तिच्यावर पालथा पडून त्याने दोरी ओढली. वर आलेलं पिल्लू कमरेपर्यंत ओलं होतं. तेव्हा कळलं, की खाली पाणी आहे.

गल्लीतली माणसं जमली. पलीकडच्या कौशल्याबाई आल्या. ही सगळी जमीन पूर्वी त्यांच्या उसाची होती. त्या भोकाकडे बघून म्हणाल्या, की हितं आमची हीर हाय की. आम्हाला कोणी सांगितलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं. जमीन विकताना त्यांनी ती विहीर नीट बुजवायला सांगितलं होतं. घरं बांधणाऱ्याने तोंडावर फरश्या टाकून वर माती लोटली होती.

काल इंजिनिअर येऊन गेले. ते म्हणाले, की विहिरीचा निम्मा घेर स्वयंपाकघराखाली आहे. दोन वर्षं मी तिथे उभी राहून पोळ्या लाटल्या. पूर्वाचा अभ्यासही तिथेच, फरशीवर बसून. आम्हाला घर सोडायला सांगितलं आहे. आवरायला घेते आणि हातात वाटी धरून नुसती उभी राहते.

सगळं सांगण्यासारखं माणूस तुम्हीच. सांभाळून घ्या.
आपली,
मैत्री

कर्वेनगर,
२२ जानेवारी

चि. मैत्रीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मटकन खाली बसले. मग वाटलं, खाली तरी काय आहे. तिसऱ्या मजल्यावर राहते मी, तरी वाटलं.

कोपरा मी सांगितला होता.

तू दार लावलंस त्याबद्दल मनाला खात बसू नकोस. हातात पोर असलेल्या बाईने दारच लावायचं असतं. बांधणाऱ्याला मात्र सोडू नका. पोलिसांत लेखी तक्रार द्या. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून द्या. बाकीच्या घरांखाली काय आहे, हेही तपासायला लावा.

आणि इकडे या. सोसायटीत कुत्रा ठेवायचा नाही असा नियम आहे. कोणाला काही बोलायचं असेल, तर त्याने माझ्याशी बोलावं. मला ऐकू येत नाही.

पूर्वाला जवळ घेऊन झोप.
आत्या

हडपसर,
२ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,
सविनय जय भीम.

तुमच्याकडेच येणार होतो, पण पूर्वाची शाळा इथून जवळ. धम्मदीपच्या ऑफिसातल्या रियाजभाईंची तळमजल्यावरची जागा रिकामी होती. त्यांनी किल्ली दिली आणि परवीनभाभींनी पहिल्या दिवशीचं जेवण. तक्रार दिली आहे. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. आमच्या शेजारच्या घराखालचीही जमीन पोकळ निघाली. तीही माणसं बाहेर पडली.

ढब्बूला काहीच आठवत नसावं. इथल्या अंगणातही तो गेल्या गेल्या उकरायला लागला. मला सगळ्यात जास्त चिकटतो तोच. पायाशी येऊन झोपतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

पूर्वा अजून अंगणात उतरत नाही. उंबऱ्यात उभी राहून दोरी दोन्ही हातांनी धरते. काल जेवताना तिने विचारलं, की या घराखाली काय आहे. धम्मदीपने सांगितलं, की काही नाही, नुसती माती. तिने घास खाली ठेवला आणि म्हणाली, की तिथेही आपण असंच म्हणत होतो.

तिला काय सांगायचं, आत्या? तुम्हाला सुचलं तर कळवा.

वाट पाहते.
आपली,
मैत्री