बूट दाराबाहेर

नागपूर,
३ सप्टेंबर २०२५

हिमानीताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, पोरांचे गालगुच्चे. आमच्या महालक्ष्म्या काल छान पार पडल्या. दुर्गेश उद्या रामटेकला येतोय, त्याच्याच हाती पुरणपोळ्यांचा डबा देते. पोळ्यांखाली ही चिठ्ठी आहे, हे नवरा असून त्यालाही ठाऊक नाही. या घरात फोन नेहमी स्पीकरवर असतो, म्हणून लिहिते.

पाय बरा आहे.

सासूबाईंनी यंदा सोळा भाज्या स्वतः निवडल्या. आंबील मात्र जरा आंबटच झाली.

ताई, पायाचं वर लिहिलं ते खोटं आहे. दहा वर्षं सपाट रस्त्यावरही मुरगळणारा माझा घोटा, तुला माहीतच आहे. गेल्या महिन्यात दुर्बिणीतून आतलं लिगामेंट शिवलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हा पट्ट्यांचा बूट घातल्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. पण बाहेरून दिसतात तांदळाएवढे दोन व्रण. लांबलचक टाके असते, तर घरात कोणी ऐकलं तरी असतं.

रविवारी सासूबाईंनी मुखवटा माझ्या हाती दिला. "माह्याच्यानं आता होत नाही वं. यंदापासून तूच आण." सात वर्षं मी मागे ताट धरून उभी होते. इतका आनंद झाला मला! मग त्यांचं लक्ष पायाकडे गेलं. "बूट घालून लक्ष्मी आणत असते काय वं? पाच मिनिटाचं तं काम हाये."

बूट मीच काढला, ताई. कोणी जबरदस्ती केली नाही.

उंबरा ओलांडताना हळदीकुंकवाच्या पावलांवरच पाय आत वळला. आत काहीतरी सुटलं, ते मला कळलं. मुखवटा सोडला नाही. घंटा वाजत होत्या, कोणी पाहिलं नाही. तीन दिवस उभ्याने वाढलं मी. आता मोजा घालून सूज झाकते.

आणि सासूबाई येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात, "लक्ष्मीनंच माह्या सुनेचा पाय बरा केला." इतक्या प्रेमाने सांगतात! बूट त्यांनी माळ्यावर टाकला. आता खरं बोलले तर मी लक्ष्मीलाच खोटं पाडते. म्हणून सरळ चालून दाखवते, आणि न्हाणीघरात जाऊन रडते.

डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून तू त्यात काहीतरी भरशील. यंदा काही भरू नकोस. डबा घेऊन तूच ये. सगळ्यांसमोर म्हण, मयुराला दवाखान्यात नेते. माझ्या तोंडून ते निघत नाही, आणि माळ्यावर चढून बूट काढणं या पायाने होत नाही.

वाट पाहते. बसूनच.

तुझी,
मयुरा