अ‍ॅडजस्ट कर, डिंपल

एकोडी, २ फेब्रुवारी २०२५

ती. टेकचंदमामाले डिंपलचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र काहून लिहून राहिली, असं वाटेल तुम्हाले. फोन सासूबाईंजवळ बसून, स्पीकर लावून करावा लागते. त्यात धान कसा आहे अन् जेवण झालं का, एवढंच बोलता येते. शेजारच्या आनंदाबाई साकोलीले जाऊन राहिल्या, त्यांच्याजवळ हे पाकीट टपालात टाकायले देते.

लग्न जुळवताना मधात तुम्हीच होता. पोरगी लॅबमध्ये रक्त तपासते, लग्नानंतरही कामावर जाईल, असं तुम्ही बोलले तेव्हा इकडच्या सगळ्यांनी हो म्हटलं होतं. अकरा महिने झाले. हे नागपूरले कंपनीत, पंधरा दिवसांनी येतात. मी घर, आंगण अन् धुणं घेऊन बोडीच्या पाण्यापर्यंत, तेही कोणी संगं असलं तरच. माझे सर्टिफिकेट सासूबाईंच्या आलमारीत आहेत, चावी त्यांच्या कमरेले. वीस तारखेले भंडाऱ्याले मुलाखत आहे, साकोलीच्या दवाखान्यातल्या जागेसाठी. कागद मागितले तर पाहू म्हणाल्या. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, अ‍ॅडजस्ट कर. आईही तेच म्हणते. दिवाळीले तुम्हीही तेच म्हणाले, मामा.

तुम्ही तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हा शब्द कुठून आला, त्याचा खरा अर्थ काय, तेवढं कळवा. मले तो ऐकला की रक्त काढताना दंडाले बांधतो तो पट्टा आठवते. बांधून ठेवला अन् सोडायले कोणी येतच नाही.

मामीले नमस्कार. आजवर केली तशीच माया ठेवा.

तुमची डिंपल


आसगाव, ८ फेब्रुवारी २०२५

चि. डिंपलला अनेक आशीर्वाद. घरच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ‘तुम्हीही तेच म्हणालात?’ एवढंच तिनं विचारलं. शाळेत असताना तू या शब्दाच्या स्पेलिंगमधला डी खायचीस, म्हणून मी तुझ्याकडून तो पन्नास वेळा लिहून घेतला होता. अर्थ मात्र आयुष्यभर एकच शिकवत आलो, जुळवून घेणे. तो आला कुठून, हे मलाच ठाऊक नव्हतं.

परवा भंडाऱ्याला वाचनालयात जाऊन मोठा कोश काढला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निघाला 'जवळ'. त्यावरून फ्रेंचात जवळ आणणे, जोडणे असा शब्द झाला. पुढे 'जस्ट' म्हणजे न्याय्य, बरोबर, या शब्दाशी लोकांनी त्याची गल्लत केली आणि नीट बसवणे, योग्य करणे हा अर्थ त्याला चिकटला. गल्लत झाली, पण चांगली झाली म्हणायची. एकानं गप्प राहून सोसावं, असं त्या मुळात कुठं सापडलं नाही. जवळ आणायचं तर दोघं लागतात, आणि कोणी किती सरकायचं हे कोशात दिलेलं नाही.

दिवाळीत मी तुला तो शब्द म्हटला, कारण एकोडीला येऊन बोलायची मला भीती वाटत होती. जुळवलेलं लग्न बिघडलं तर लोक माझं नाव घेतील, ही भीती. चूक माझी आहे. अठरा तारखेला मी येतो आणि काय कबूल झालं होतं ते तुझ्या सासूबाईंसमोर, शकुनबाईंसमोर सांगतो. हे पत्र लपवू नकोस. कोणी विचारलं तर वाचून दाखव.

उशीर केला म्हणून राग धर, पण पत्र लिहिणं सोडू नकोस.

तुझा मामा, टेकचंद


एकोडी, १४ फेब्रुवारी २०२५

टेकचंदभाऊले शकुनबाईचा रामराम.

मले सही येते, लिहिता येत नाही. डिंपल लिहून राहिली. तिले सांगितलं, मी बोलीन तसंच लिही, आपल्या मनचं घालू नको.

तुमचं पत्र पोस्टमननं माझ्याच हाती देल्लं. मी तिलेच वाचायले लावलं. तुम्ही भीतीचं लिहिलं तेवढं मी दोनदा वाचून घेतलं.

भीती मलेही आहे, भाऊ. मोठी सून रीना गोंदियाले नोकरीवर लागली. आधी रोज येणं-जाणं करे, मंग खोली केली, मंग माझ्या मोठ्या पोराले, राजकुमारलेही घेऊन गेली. दोन वर्षांत एकदा पोळ्याले आले, तेही दुपारच्या बसनं परत. तवापासून कोणी बॅग काढली की मले तेच आठवते. तो शब्द मी टीव्हीवर ऐकला. अर्थ मालूम नव्हता. तो म्हटला की पोरगी गप्प राहते, एवढं मालूम होतं.

काल आलमारी उघडून कागद देल्ले. तिनं पाहिलेही नाही, छातीशी धरून तशीच उभी राहिली. माझ्याच घरात कोणी असं उभं राहावं, याचं मले लय वाईट वाटलं.

अठराले येऊ नका. वीसले सकाळी भंडाऱ्याच्या स्टँडवर भेटा. मी तिच्यासंगं येईन, घरी बसून वाट पाहणं माझ्यानं होत नाही. तिच्या नवऱ्याले, विनोदले, मी सांगीन.

जागा भेटली तर साकोलीले खोली करशील का, असं तिले आत्ताच विचारलं. ती लिहायची थांबली. मी म्हटलं, तेही लिही.

कमीजास्त बोलली असीन तर पोटात घाला.

शकुनबाई