कुलूप नसलेला बोर्ड

३ ऑक्टोबर

ए की बी. अजून ठरत नाही.

४ ऑक्टोबर

कॉलेज सुटल्यावर कसालला, ओमकारच्या दुकानात. प्रोसेसर घेऊन झाला आहे. टेबलावर डबीत पडून आहे. त्याला बसायला मदरबोर्ड हवा. कंपनी प्रोसेसरला एक वेग नेमून देते. तो ओलांडून त्याला पळवता येते — बोर्डाने पळवू दिले तर.

ए ६२० चिपसेटचा बोर्ड स्वस्त. पण त्याला कुलूप आहे, पळवू देत नाही. बी ६५० ला कुलूप नाही, पण चांगला घ्यावा तर माझ्या बेताबाहेर. स्वस्तातला घ्यावा तर वीज पोचवणारा भाग तापतो.

ओमकारला हे सगळे पुन्हा सांगितले. तो म्हणाला, "सर, तुमचां घर खंय?"

"दर्याकडेला."

"मगे दोनय गंजतले."

बायको, भक्ती, ओरोसहून ऑफिस करून सातच्या बसने आली. पर्स ठेवायच्या आधी म्हणाली, "ठरला?" मग म्हणाली, "दिवसाक चार ओळी लिवतास. त्यो आता जोरात येवच्यो आसत?"

ओळींचा संबंध नाही. कोणीतरी एक वेग ठरवून दिला आहे आणि सगळे तोच खरा धरून चालले आहेत. मला तो न मानता बघायचा आहे. एवढेच.

९ ऑक्टोबर

धोंडू गुरव आला होता. चहा घेतला. बोलला आईशी, ऐकवले मला.

"ह्या जत्रेक तुमच्या घरचो माणूस उभो ऱ्हवाक नाय, तर जागो परशुरामाक जातलो. गावान ठरवलेला आसा."

परशुराम म्हणजे चुलतभाऊ. जागा म्हणजे देवळात, उजव्या खांबापाशी. गाऱ्हाण्याच्या वेळी घरातल्या थोरल्याने तिथे उभे राहायचे. गुरव देवाला काय काय सांगतो, त्यावर सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचे. बाबा गेल्यापासून ती जागा रिकामी आहे. मी उभा राहत नाही. न पटलेल्या वाक्याला होकार देता येत नाही. मुलांना साहित्य शिकवतो. निदान एवढे तरी पाळावे.

आई सुपातले तांदूळ निवडत राहिली. गुरव गेल्यावर म्हणाली, "तुझो बापूस तापान फणफणलेलो, तरी उभो ऱ्हवलो होतो."

ती ओरडली असती तर सोपे गेले असते.

१३ ऑक्टोबर

रात्री झोपेत "बी, बी" म्हणालो म्हणे. सकाळी आईने भक्तीला चुलीपाशी गाठले. "ही बी कोण गो?"

"बोर्ड आसा."

"खंयच्या गावची?"

भक्ती दुपारपर्यंत हसत होती. ऑफिसातून फोन करून परत हसली.

१७ ऑक्टोबर

आई देवळात जाऊन आली. प्रसाद माझ्या हातावर ठेवला.

"देवाक बोललंय मिया."

"काय?"

"झिलाचां मशीन, कंपनी सांगता तेच्यापेक्षा जोरात धावलां, तर तां तुझ्या पायाशी आणून ठेवीन."

तिला वाटले मी खूश होईन. खरोखर तसे वाटले का, सांगता येत नाही. तिचा चेहरा वाचायला मी कधी शिकलो नाही. मी विचारले, माझे मशीन तू नवसाला कसे बोललीस?

"पयलो आंबो कोणाचो? देवाचो. पयलो मासो? देवाचो. मगे पयलां मशीन कोणाचां?"

यात चूक काढता येईना.

१८ ऑक्टोबर

म्हणजे आता ते धावता कामा नये.

१९ ऑक्टोबर

भक्तीपुढे परिस्थिती मांडली. पळाले तर गेले. न पळाले तर माझे.

"मगे घेवच नको."

हा तिसरा पर्याय मला सुचला नव्हता. भक्ती म्हणाली, "तो पयलो होतो."

पण प्रोसेसर डबीत आहे. रोज दिसतो.

२० ऑक्टोबर

ओमकारला फोन. "ए दे."

तो म्हणाला, "सर, ए पळना नाय."

"माहीत आहे. म्हणूनच."

"मगे इतके दिवस माझो जीव कित्याक खाल्लात?"

२१ ऑक्टोबर

ठरले असे मला वाटले होते. आई म्हणाली, देवाला मध्ये घेतला आहे, आता त्याला विचारल्याशिवाय बोर्ड घरात येणार नाही. कौल लावायचा.

म्हटले, माझे ठरले आहे.

"मगे देव पण तांच सांगतलो. तुका भय कसला?"

२४ ऑक्टोबर

आई आणि भक्ती आत गेल्या. मी बाहेर, मोटरसायकलवर. दीपमाळेच्या पुढे जात नाही. पण गुरवाचा आवाज रस्त्यापर्यंत येतो.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरातल्या लेकराक एक बोड घेवचो आसा. एक ए म्हणतत तो, एक बी म्हणतत तो—"

"व्हय म्हाराजा!" देवळात सात-आठ माणसे असावीत. शपथेवर सांगतो, त्यांतल्या एकालाही चिपसेट म्हणजे काय ते माहीत नव्हते.

"—तर ए घेवचो आसात तर उजवो दी, बी घेवचो आसात तर डावो दी, आणि तेच्या वायरीत, तेच्या पंख्यात काय आडवा-वाकडा इला आसात, तर तां दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवाच्या अंगाला दोन ओल्या कळ्या लावतात. उजवीकडची आधी पडली तर उजवा कौल. कळी पडायची वाट बघणारी माणसे. मीही गाडीवरून वाट बघत होतो, हे लिहून ठेवले पाहिजे.

भक्ती बाहेर आली. "उजवो. ए."

देवाचे आणि माझे पहिल्यांदाच एकमत झाले. अस्वस्थ वाटले.

२ नोव्हेंबर

मशीन जोडले. ओमकार स्वतः आला. आईने नारळ फोडायला काढला होता, तो मशीनपासून तीन हात लांब फोडायला लावला. चालू झाले. शांत, गार, नेमून दिलेल्या वेगाने. चार ओळी लिहिल्या.

आई दारातून — "धावता काय?"

"चालता."

"बरां," म्हणाली आणि गेली.

माझे मशीन. माझ्याच घरात राहणार.

६ नोव्हेंबर

कुलूप नीट आहे ना, एवढेच बघायला आतल्या सेटिंग उघडल्या.

कुलूप नाही.

वेगाचा आकडा समोर आहे आणि तो बदलता येतो. ए ६२० वर असे होत नाही. यंत्र बंद करून परत लावले. तरी आहे. ओमकारला फोन केला. त्याने कुठे कुठे विचारून सांगितले — ह्या बोर्डाच्या पहिल्या खेपेत कंपनी कुलूप लावायला विसरली. थोडेच तसे निघाले. पुढच्या खेपेपासून लावले.

"सर, नशीब काडलात!"

७ नोव्हेंबर

हात लावला नाही.

८ नोव्हेंबर

लावला नाही. वर्गात दोन तास काय शिकवले ते आठवत नाही.

१० नोव्हेंबर

एकाने वाढवला. काही झाले नाही. कळणार कुणाला? आकडा माझ्यापुरता. आणखी एकाने. मग आणखी. पडदा थरथरलाही नाही. किती सुंदर धावत होते ते! कंपनीचा आकडा खूप मागे पडला. एवढा आनंद मला कुठल्या पुस्तकाने दिला, ते आठवून बघितले. लगेच आठवले नाही.

पंख्याचा विचार केला नव्हता. तापल्यावर तो फिरू लागला. आधी कुजबुज, मग ट्रॉलर बंदरात शिरावा तसा. आई मागच्या पडवीत होती. उठून आली. ओला हात पदराला पुसत दारात उभी राहिली.

"धावलां?"

नाही म्हणता आले असते. पंखा धुळीने वाजतो, म्हणता आले असते. ती खरे मानून गेली असती. मशीन माझ्याकडे राहिले असते.

"व्हय," मी म्हणालो.

आई जत्रेचे लुगडे काढायला आत गेली.

१४ नोव्हेंबर

मशीन रिक्षाने देवळात गेले. मी दीपमाळेपर्यंत सोडले. आत ठेवायला जागा मिळेना. एकीकडे ढोल, एकीकडे पालखी, समया, तेलाचे डबे. शेवटी धोंडूने उजव्या खांबापाशी ठेवले आणि वीज जोडून चालूच सोडले. तिथे कोणी नसते.

१५ नोव्हेंबर

गुरवाने मशीनला हळदकुंकू वाहिले. पंख्यातून. भक्तीने फोटो दाखवला. बोर्ड लाल झाला आहे.

१६ नोव्हेंबर

ब्रश घेऊन गेलो. दीपमाळेपाशी उभा राहून धोंडूला ब्रश कसा फिरवायचा ते सांगितले. तो आतूनच ओरडला, "माका दिसना नाय! तूच ये!"

पायरीपर्यंत गेलो. तिथून सांगितले. त्याने ब्रशाने देव झाडायला घेतला.

आत गेलो. चपला काढून. कुंकू काढायला तासभर लागला.

२१ नोव्हेंबर

रोज जावे लागते. काल अक्षता. आज झेंडूची पाकळी पंख्यात. धोंडूचे म्हणणे, देवाच्या दारातली वस्तू कोरडी ठेवता येत नाही. अभिषेक व्हायला हवा. त्याला वीज समजावली.

"देवाक कळता वीज," तो म्हणाला.

मशीन कुठल्या वेगाने चालू आहे ते बघितले. मी ठेवले होते त्याच. तसेच राहू दिले.

२९ नोव्हेंबर

धोंडू म्हणाला, जत्रेला माणसांचा लोट येईल. नारळ फुटतील, पाणी उडेल. एवढ्यांना कोण अडवणार? मशीनपाशी कोणीतरी उभे राहायला हवे.

"परशुरामाक सांगू?"

म्हटले, त्याला यातले काही कळत नाही. मीच येतो.

हे बोललो तेव्हा नुसता बोर्ड डोळ्यांपुढे होता. घरी येऊन सांगितले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले.

४ डिसेंबर

जत्रा. संध्याकाळपासून खांबापाशी उभा. छत्री मशीनवर, मी भिजलेला. कोणी हसले नाही. येणारा प्रत्येक जण त्या जागेच्या मानाने आधी माझ्या पाया पडत होता, मग पुढे. धोंडूने गाऱ्हाणे सुरू केले. गावाचे, होड्यांचे, आंब्याच्या मोहराचे, आणि शेवटी — "ह्या तुझ्या मशीनची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. एक आवाज अगदी कानाशी होता. बाबांसारखा. वळून बघितले. मागे नुसता खांब. माझे तोंड अजून उघडे होते.

आई समोरच्या बायकांत उभी होती. तिने एकदाही मशीनकडे बघितले नाही.