वाकलेल्या नोझलचं फूल

प्रिय चिमटी,

अक्षर ओळखलंस का? कागदावर लिहायची सवय पार गेली आहे. केकवर लिहिते तेवढंच, तेही रोज तेच दोन शब्द आणि खाली कुणाच्या तरी मुलाचं नाव. ओळ उजवीकडे चढत गेली तर चालवून घे, केकवर मी ती मुद्दाम चढवते, म्हणजे दिसायला हसरी दिसते. आणि हो, पाकिटात एक वस्तू आहे. पत्र संपेपर्यंत ती बाहेर काढू नकोस. आधीच काढली असशील, तर तुझा उतावळेपणा गेला नाही एवढंच म्हणेन.

मी आयसिंगच्या खोलीत बसून लिहितेय. दादाच्या दुकानामागची ही खोली तू कधी बघितली नाहीस. लांबीला आठ पावलं, रुंदीला पाच, खिडकी नाही. क्रीम वितळू नये म्हणून एसी बारा महिने चालू आणि दार बारा महिने बंद. बाहेर माणसं घामाने निथळत असतात आणि मी आत दादाचा जुना स्वेटर घालून उभी. पुढच्या दुकानात केक सरकवायला भिंतीत एक झरोका केलाय, ताटाएवढा, त्याला सरकती काच. जगाशी माझं जे काही बोलणं होतं ते त्या काचेतून, आणि ते बहुतेक "सहा नंबर, एक किलो" एवढंच असतं. कोणी आत आलं की मागून कोणीतरी ओरडतं, दार लाव. दादा ओरडतो, वहिनी ओरडते, मीही ओरडते. परवा घरी जेवताना भाची पाणी घेऊन स्वयंपाकघरातून आली, तर मी सवयीने म्हणाले, दार लाव. सगळे हसले. मीही हसले.

नंबर म्हणजे कॅटलॉगचे. दादाने चोवीस केकचे फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवले आहेत आणि त्याबाहेर आम्ही काही करत नाही. सहा म्हणजे फुटबॉलचं मैदान. अकरा म्हणजे कमरेपर्यंत केकमध्ये रोवलेली बाहुली, तिचा झगा क्रीमचा. त्या बाहुलीचे मी इतके झगे केलेत की तिच्या लग्नात मला मानाने बोलवायला हवं. दादा वाईट नाही, हे आधीच सांगते. वाईट असता तर बरं झालं असतं, कडाकडा भांडून निघाले तरी असते. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, हे दुकान माझ्या बहिणीच्या हातावर उभं आहे. वहिनी स्वतःच्या आधी माझा डबा भरते. आता अशा माणसांच्या खालून हात काढून घ्यायचा तरी कसा?

बाबा ठणठणीत आहेत. रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारतात आणि परत येऊन माझ्या वजनावर बोलतात. त्यांना झटका आला तेव्हा मी म्हटलं होतं, ते उठून बसेपर्यंत इथेच थांबते. आठ महिन्यांत ते चालायला लागले. मग वहिनीला दिवस गेले, मग भाची लहान होती, मग दादाने दुकान वाढवलं. माझं घोडं दर वेळी कुठेतरी पेंड खात राहिलं, आणि बघता बघता नऊ वर्षं झाली.

एक जागा मात्र माझी आहे. दुकानाच्या दर्शनी काचेत तीन थरांचा डमी केक असतो. आत थर्माकोल, वर साखरेचं आयसिंग. उन्हाने ते पिवळं पडतं, म्हणून दर तीन महिन्यांनी खरवडून नवं करावं लागतं. दादा म्हणाला, त्याच्यावर काय वाट्टेल ते कर, तो कुठे विकायचाय. तेव्हापासून वर्षातून चार वेळा मी जिवंत असते. हसू नकोस.

आणि आता चोरी कबूल करते. वहिनीने मला फोनवर फोटो बघायचं खातं काढून दिलंय, त्यावर भाचीने निवडलेला मांजराचा फोटो आहे. नामांकित केक सजवणाऱ्यांची सहा दुकानं मी त्यावर बघते. दादाला सांगितलंय, त्यांचं बघून हात सुधारतो. त्यातली पाच खरंच त्यासाठी आहेत. सहावं तुझं आहे, आणि ती पाच म्हणजे तुझ्यापुढे लावलेला पडदा. तुझ्या प्रत्येक फोटोला सगळ्यांत आधी बदाम टाकणारं ते मांजर मीच. तू बारीक फुलं एका बाजूने उतरवत आणलीस, महिन्याभरात ती आमच्या काचेत उतरली. तू साखरमोत्यांच्या माळा सोडल्यास, मीही सोडल्या. माझ्या जरा वाकड्या झाल्या, कारण चिमट्याने मोती ठेवताना हात न थरथरणारी आपल्या केकच्या वर्गात एकच होती, आणि शिकवणाऱ्या बाईंनी तिचं नाव उगाच चिमटी ठेवलं नव्हतं. तुझं बघून मला कामाची हौस वाटते गं. नाहीतर मी केव्हाच त्या थर्माकोलसारखी झाले असते.

तुझी नसलेली अशी एकच गोष्ट मी केली. आपण दोघींनी मिळून घेतलेला, क्रीमच्या पिशवीला लावायच्या नोझलचा डबा आठवतो? त्यातल्या पाकळीच्या नोझलचं तोंड वाकलं आहे. कसं वाकलं ते सांगते, जरा दम धर. त्यातून पाकळी काढली की तिची कड आत दुमडते, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी. इतकी वर्षं ते डब्याच्या तळाशी पडून होतं. गेल्या उन्हाळ्यात बाकीची नोझल साबणाच्या पाण्यात होती म्हणून ते लावलं, आणि एक फूल झालं. मला फार आवडलं. खोटं कशाला बोलू, नऊ वर्षांत स्वतःचं मला तेवढंच आवडलं. डमीच्या मधल्या थरावर सगळीकडे तेच काढलं. फोटो काढला नाही. दादाही डमीचे फोटो कुठे टाकत नाही, लोक तोच मागत बसतात म्हणून. नऊ आठवड्यांनी काच बदलायला आलेल्या माणसाचं कोपर लागलं आणि तो थर चेपला. मग मी त्यावर दुसरं काहीतरी केलं.

गेल्या मंगळवारी दुकानात एक शिक्षिका आल्या, गणित शिकवणाऱ्या. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला केक हवा होता. दादाने कॅटलॉग पुढे केला. त्या म्हणाल्या, चोवीसही बघितले, पण माझी आई कधी फुटबॉल खेळली नाही. मला आतून हसू आलं. मग त्यांनी वाकून आपला फोन झरोक्यातून आत दिला आणि असं काही जमेल का म्हणून विचारलं. फोटो तुझ्या दुकानातल्या केकचा होता. पांढरा, तीन थरांचा. मधल्या थरावर दुमडलेल्या पाकळ्यांची फुलं.

मी तो फोटो मोठा करत गेले, नुसते चौकोन दिसायला लागेपर्यंत. तुझं नोझल सरळ आहे. तू एकेक पाकळी चिमट्याने दुमडली आहेस, कडेला त्याच्या दोन टोकांचे ठसे दिसतात. मी मोजल्या. दिसणाऱ्या बाजूला चौसष्ट पाकळ्या आहेत, आणि प्रत्येक पाकळी आयसिंग सुकायच्या आत दुमडावी लागते. ते फूल जगात एकाच ठिकाणाहून दिसत होतं, आमच्या काचेसमोरच्या फुटपाथवरून, तेही नऊ आठवडे. म्हणजे तू आली होतीस. शिक्षिकाबाईंचा फोन मी इतका वेळ धरून ठेवला की त्यांनी काचेवर टकटक केली आणि परत विचारलं. होईल, असं मी म्हणाले. दादाला न विचारता.

त्या गेल्यावर दादाकडे गेले. तो केकचे खोके घडी घालत होता. मी विचारलं, ती इथे आली होती का. कोण, असं त्याने विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, "आली होती. बराच वेळ काचेसमोर उभी होती. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. तू बरी आहेस का विचारलं, मी म्हटलं मजेत आहे." मग मला हाक का नाही मारलीस, असं म्हटल्यावर त्याने खरोखर आश्चर्याने माझ्याकडे बघितलं.

"अगं, त्या दिवशी एकोणतीस केक होते."

असतीलही. त्याने काही लपवलं नव्हतं गं, त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. मी खोलीत परत आले आणि कोणी ओरडायच्या आत स्वतःच दार लावलं. मग खूप रडले. एक काच, एक दार आणि आठ-दहा पावलं, एवढंच अंतर होतं, आणि मी आत बाहुलीला झगा घालत बसले होते. आणि मी मजेत आहे, हे तुला माझ्या वतीने सांगूनही झालं होतं.

तुझ्यावरही चिडले. दोन तास बसने आलीस, ते फूल डोळ्यांत भरून नेलंस, मग आत यायला काय धाड भरली होती? चार दिवस मनातल्या मनात तुला फैलावर घेतलं. पाचव्या दिवशी माझाच आवाज मला ऐकू आला आणि ते थांबवलं. कारण हा प्रश्न मला विचारला तर मी काय उत्तर देणार? म्हणून आता ते लिहिते, जे बाबा, दादा, बाई, कोणालाच ठाऊक नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी दहाला तू आपण दोघींनी केकच्या दुकानासाठी घेतलेल्या नव्या गाळ्याच्या पायरीवर किल्ली घेऊन बसलीस. मी आले नाही. दुसऱ्या दिवशी तुला कळलं की बाबांना झटका आला. तू एका शब्दाने रागावली नाहीस. काळजी घे, मी सुरू करते, तू सावकाश ये, असे तीन निरोप पाठवलेस आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. तेव्हापासून सगळे हेच धरून चाललेत की बाबांमुळे माझं राहिलं. माझ्यापायी पोरगी अडकली, असं म्हणून बाबा अजून पाहुण्यांपुढे डोळे पुसतात, आणि मी त्यांना पुसू देते. चिमटी, बाबा दुपारी साडेतीनला पडले. मी दहाला तिथेच होते.

रस्त्याच्या पलीकडे चपलांचं दुकान आहे ना, त्याच्या छपराखाली. हातात नोझलचा डबा होता. तू चहाचे दोन कप आणले होतेस, एकावर बशी झाकली होतीस. तुझ्या डोक्यावर शिडीवर उभा राहून रंगारी पाटी रंगवत होता. मला फक्त रस्ता ओलांडायचा होता. पण पाटी बघून वाटलं, आता केक बिघडला तर तो माझा बिघडणार. तोवर माझ्या हातून जे काही बिघडलं ते बाईंनी नाहीतर दादाने सांगितलेलं असायचं. पाऊण तास तशीच उभी राहिले. तू दोनदा उठून बसस्टॉपकडे बघितलंस. मी मागे वळले तेव्हा डब्याचं झाकण निघालं, पाकळीचं नोझल खाली पडलं आणि माझ्याच टाचेखाली आलं. वाकलं ते तेव्हा. तसंच उचललं, बस पकडली, घरी येऊन जेवलेसुद्धा. दुपारी बाबा पडले. मी घाबरले, धावपळ केली, रात्रंदिवस उशाशी बसले, त्यात काही खोटं नव्हतं. पण त्यांना दवाखान्यात नेताना आत कुठेतरी हुश्श झालं होतं. आता कोणी मला विचारणार नव्हतं. मी हळू काम करते म्हणून बाई मला गोगलगाय म्हणायच्या. पोटातले पाय त्यांना दिसले नव्हते, ते आज तुला दाखवले.

पाकिटात ते नोझल आहे. शिक्षिकाबाईंच्या आईचा केक काल दिला, तो त्याच नोझलने केला आणि तो इथला शेवटचा. तू यापुढे चिमट्याने पाकळ्या दुमडत बसू नकोस, बोटं दुखतात. आणि दुसरं कारण असं की माझा मलाच भरवसा नाही. तेवढं नोझल जवळ राहिलं तर काचेतल्या डमीवर फुलं काढत मी आणखी नऊ वर्षं सहज काढीन. आज बाबांना साडेतीनचं आणि दहाचं सगळं सांगणार आहे, म्हणजे त्यांचं तरी डोळे पुसणं थांबेल. त्यानंतर दादाला. काय बोलणं होईल मला माहीत नाही, पण हे पत्र त्याआधी टाकून येतेय. पुढच्या बुधवारी मी सकाळी दहाच्या आत तुझ्या पायरीवर येऊन बसेन. चहाचे दोन कप आणेन, एकावर बशी झाकून. तू दार उघडावंसच असं नाही, तो तुझा हक्क आहे. समोर चपलांच्या छपराखाली उभी राहून माझ्याकडे बघितलंस आणि तशीच मागे फिरलीस, तरी मी काही म्हणणार नाही. फक्त पाऊण तास झाला म्हणून मी उठून जाईन, असं समजू नकोस.

तुझीच,
गोगलगाय