पाठीचं चामडं

बाबा, मी चामड्याचं जॅकेट घेतलं. म्हशीच्या चामड्याचं, काळं, खांद्यांवर आणि कोपरांवर दुहेरी. सोबत हातमोजे, तेही चामड्याचेच. तुम्ही असता तर हे सगळं उंबऱ्याबाहेरच राहिलं असतं. आज ते आमगावच्या आपल्या घरात, समोरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं टांगलेलं आहे. धाकट्याने काल गोंदियाहून फोन केला तेव्हा म्हणाला, "ताई, निदान मांगच्या खोलीत तं ठेव." मी म्हटलं, समोरच राहील. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुमचा एकही शब्द मी मोडला नव्हता. हा मोडला. का मोडला ते सांगायला बसले आहे. माफी मागायला नाही.

तुमची टपरी स्टेशनच्या रस्त्याला होती. रेल्वेच्या गँगमनचे बूट, बांधावर फिरून तुटलेल्या वहाणा, शाळेतल्या पोरांच्या दप्तरांचे पट्टे, सगळं तुमच्यापुढे येऊन पडायचं. शाळा सुटली की मी तिथं यायची, कारण घरी आई धान लावायला नाहीतर कापायला गेलेली असायची. तुम्ही मला एका खोक्यावर बसवायचात आणि पुस्तक उघडायला लावायचात. मी पुस्तक उघडायची आणि तुमच्याकडे बघायची. चामड्याचा तुकडा तुम्ही अंगठ्याने दाबता, त्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि अंगठा उचलला की निघून जातात, मग तुम्ही मान हलवता. तुकडा दुमडून कानाजवळ नेता. उलटा करून मागची बाजू नखाने खरवडता. आणि सगळा वेळ पुटपुटता, "हे पोटाचं होय. ढिलं. हे पाठीचं, कसं गच्च हाय." तुम्ही मला शिकवत नव्हता, हे मान्य. तुम्ही स्वतःशी बोलत होता. पण मी समोर बसले होते आणि मला कान होते.

मी दहा वर्षांची असेन. टपरीखाली पडलेल्या कातरणातून मी कंपासपेटी ठेवायला एक पिशवी शिवली. तुमच्यासारखीच, एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून. टाके वाकडे होते, पण ओढून सुटत नव्हते. मी ती तुम्हाला दाखवायला स्वयंपाकघरात आणली. आई भाकरी टाकत होती, तुम्ही राखेने हात घासून नुकतेच जेवायला बसला होता. तुम्ही पिशवी हातात घेतली, टाक्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता हसाल. तुम्ही विचारलं, "काऊन वो, हे कोणं शिवलं?" मी म्हटलं, मीच. तुम्ही ती चुलीत टाकली. चामडं पेटत नाही, आकसत जातं. त्याचा वास असा भरला की आई खोकत बाहेर गेली आणि त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. तुम्ही माझा हात मनगटाशी धरून म्हणालात, "या हाताले पुन्हा चामडं लागलं तं मले बाबा म्हणू नोको." तुम्ही मला मारलं असतं तर मी विसरले असते. हे विसरले नाही.

त्याचं कारण मला माहीत होतं. वर्गात माझ्या बाकावर कोणी बसत नसे. पोरी नाकाला ओढणी लावायच्या आणि म्हणायच्या, मोच्याची पोट्टी आली. एकदा गुरुजींचा बूट तुम्ही शाळेत आणून दिला, तेव्हा त्यांनी तो काठीने ओढून घेतला आणि त्याच हाताने माझ्या वहीवर सही केली. तुम्ही ते पाहिलं. तुम्ही ठरवलं की दोष वासाचा आहे, आणि वास गेला की माणसं जवळ येतील. म्हणून आम्हाला शिकवलंत, जिद्दीने शिकवलंत, ते मी नाकारत नाही. नर्सिंगला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही गोंदियाच्या बाजारातून मला बॅग आणली. रेक्झिनची. रेक्झिनला आयुष्यभर नावं ठेवणाऱ्या माणसाने, जो घरबसल्या मला दहा वर्षं टिकणारी बॅग शिवून देऊ शकला असता, त्याने रेक्झिनची बॅग विकत आणली आणि वर म्हणाला, "याले वास नाई येत." दुसऱ्या महिन्यात तिचा पट्टा तुटला. मी तुम्हाला कळवलं नाही. धाकटा बँकेत लागला तेव्हा तर तुम्ही रापी, आरी, सगळी हत्यारं दुसऱ्याला देऊन टाकली आणि हात रिकामे करून घरी बसलात. त्यानंतर तुम्ही चार वर्षं जगलात. त्या चार वर्षांत तुम्ही हात मांडीखाली घेऊन बसायचात, हे मी पाहिलं आहे.

आता माझं ऐका. माझी नोकरी सालेकशाच्या जंगलपट्टीतल्या उपकेंद्रावर. पहिल्याच वर्षी एका घरी लसीकरणाला गेले. माझ्या अंगाला डेटॉलचा वास होता, साडी परीटघडीची होती. त्या घरच्या म्हातारीने माझं आडनाव विचारलं, मग पाणी आणलं ते वेगळ्या पेल्यात, आणि मी पिऊन झाल्यावर तो पेला बाहेर दगडावर पालथा ठेवला. बाबा, वास कुठे होता? मी चामड्याला तेव्हा पंधरा वर्षं हात लावला नव्हता. तुम्ही तुमचं सगळ्यात चांगलं काम सोडून दिलंत आणि त्या लोकांनी पेला तसाच वेगळा ठेवला. मी दुसऱ्या महिन्यात पुन्हा त्याच घरी गेले, कारण त्यांच्या नातवाचा दुसरा डोस होता. म्हातारीने तोच पेला आणला. मी म्हटलं, मावशी, पाणी नको, लेकरू आणा. पुढे तिच्या सुनेची बाळंतपणं मीच केली. पेल्याचं काय झालं ते मला माहीत नाही, मी त्या घरी पुन्हा पाणी मागितलं नाही.

मी मोटारसायकल घेतली तेही तुम्हाला रुचलं नसतं. आधी स्कूटी होती, पण पावसाळ्यात बांधावरच्या रस्त्यांत तिची चाकं रुततात. मोटारसायकल निघते. सुरुवातीला गावोगावची पोरं बाजूला होऊन बघायची, "बाई गाडी चालवून राहिली." आता बघत नाहीत. गर्भारणीला वेळेवर गाठलेलं आहे या गाडीवर, मोहफुलं वेचताना साप चावलेल्या बाईला मागे बांधून आणलेलं आहे. आणि पोरांच्या जखमा तर किती धुतल्या. गाडीवरून पडलेल्या माणसाची चामडी कशी निघते ते मी रोज बघते. मुरूम कातडीत शिरतो, तो ब्रशने घासून काढावा लागतो, आणि धडधाकट गडी आईला हाका मारतात. मी सगळ्यांना ओरडायची, हेल्मेट घाला, पूर्ण बाह्यांचं घाला. स्वतः मात्र सलवार-कमीज आणि वर स्वेटर.

मागच्या थंडीत मी पडले. सकाळची वेळ होती, वळणावर बारीक मुरूम पसरलेला, आणि रानडुकरांचं एक अख्खं कुटुंब रस्ता ओलांडत होतं. मी ब्रेक दाबला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डाव्या अंगावर मी घसरत गेले ते मला आठवतं, थांबत नाही असं वाटत होतं तेही आठवतं. डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उडाली होती आणि लोकर मांसात रुतली होती. सरपणाला जाणाऱ्या ओळखीच्या एका गोंड बाईने मला उचललं, आपल्या लुगड्याच्या पदराने हात बांधला. आरोग्य केंद्रात माझ्याच सोबतिणीने चिमट्याने एकेक धागा काढला. मी आईला हाका मारल्या नाहीत. मला तुम्ही दिसत होता, अंगठ्याने चामडं दाबताना. मी तिथंच टेबलावर पडून ठरवलं की आता चामडंच घ्यायचं.

धाकट्याशी भांडण झालं ते याच्यावरून. तो वाईट नाही, हाताला पट्टी असेपर्यंत दर रविवारी येत होता. पण चामडं म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "कापडाचे जॅकेट भेटतेत ना आता, आतून पॅडवाले. हवाही लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात चामडं कोणी घालते काय?" मी म्हटलं, पाहते. तो मग मुद्द्यावर आला. "बाबानं काय म्हटलं होतं, आठवते ना? लोक काय म्हणतील, फिरून तेच." मी म्हटलं, लोकांनी मधे कधी थांबवलं होतं? तो हळूच म्हणाला, "माझ्या बँकेत कोणाले माहीत नाई, ताई." बाबा, तुमचा हा वारसा. तुमचा मुलगा बँकेच्या काचेमागे बसून अजून घाबरतो.

मी नागपूरला गेले. दुकानदार पन्नाशीचा, बोलका. आधी तर म्हणाला, "मॅडम, भाईसाब के लिए चाहिए?" मी म्हटलं, मला. त्याने कापडाची जॅकेटं काढली. मी ती प्रामाणिकपणे पाहिली, कारण धाकट्याचं उन्हाचं म्हणणं खरं होतं. चांगली होती, हलकी होती, पण माझ्या मापात होती त्यांची शिवण मी दोन्ही हातांनी ताणली आणि उजेड दिसला. मग चामड्याची मागवली. पहिलं फार चमकत होतं. दुमडलं तर रंगाला भेगा पडल्या. नको. दुसरं मऊ होतं, शेळीचं, हातात लोण्यासारखं, पण पातळ. नको. तिसऱ्याची पाठ उत्तम होती, पण कोपराचा तुकडा अंगठ्याखाली खचला आणि खचलेलाच राहिला. मी म्हटलं, हे कोपराला पोटाचं लावलंय. माणूस आधी कोपरावर पडतो. दुकानदाराने ते माझ्या हातातून घेतलं, स्वतः दाबून पाहिलं आणि आत जाऊन चौथं आणलं. ते हे. पाठीचं चामडं, पडण्याच्या जागी जोड नाही, प्रत्येक शिवणीला दुहेरी टाका, छातीवर उन्हासाठी बारीक भोकं. मी स्टुलावर गाडीवर बसतात तशी बसले, हात पुढे केले. पाठ उघडी पडत नव्हती. फक्त बाह्या पुरुषी मापाच्या, त्यामुळे कोपराचं पॅड दोन बोटं खाली सरकत होतं. पॅड सांध्यावर नसेल तर असून नसल्यासारखं.

गोंदियात दोन शिंप्यांनी नाही म्हटलं, मशीनची सुई तुटते म्हणाले. मग मी बाजारातून आरी, जाड सुया, दोरा आणि मेण आणलं आणि आपल्या स्वयंपाकघरात बसले. दार उघडं ठेवून बसले. खांद्याची शिवण उसवली, बाही वरून दोन बोटं कापली, खांद्याच्या जुन्या भोकांना जुळवून बाहीला आरीने नवी भोकं पाडली आणि पुन्हा शिवायला घेतली, एक दोरा, दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही उलटसुलट नेत. एका बाजूचा टाका घासून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. हे तुम्ही गँगमनच्या बुटांना करायचात. दोन्ही बाह्यांना तीन दिवस लागले. शेजारीण डोकावली आणि म्हणाली, "काय शिवून राहिल्या, मॅडम?" मी म्हटलं, चामडं. ती थोडी उभी राहिली, मग आत येऊन बसली आणि तिच्या पोराच्या सँडलचा पट्टा होईल का म्हणून विचारलं. मी करून दिला. माझ्या हातांना वास आहे. दवाखान्यात हात धुते, तरी मेणाचा आणि चामड्याचा वास नखांत राहतो. राहू दे.

त्या चुलीतल्या पिशवीबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुमची भीती मला कळते, पण तुम्ही ती माझ्या हातात बांधलीत आणि तिला शिक्षण म्हणालात. मला दोन्ही येऊ शकलं असतं, बाबा. सुई टोचणंही आणि सुई ओवणंही. तुमच्याइतकं चामडं ओळखणारा माणूस आमगावात दुसरा नव्हता, आणि त्याने आपल्या मुलांना ते लाज म्हणून दिलं. मी ते लाज म्हणून घेत नाही. सोमवारी मी जॅकेट घालून उपकेंद्रावर गेले, ऊन होतं, घाम आला, आणि वळणावर पहिल्यांदा मी छातीत धडधड न होता गाडी वळवली.

हे कागद औषधांच्या रजिस्टरच्या मागे लिहिले आहेत. फाडून घेईन आणि ठेवून देईन. धाकट्याला दाखवणार नाही, कारण त्याच्या घाबरण्याबद्दल जे लिहिलं ते मला पूर्ण शोभत नाही. नागपूरच्या त्या दुकानदाराने जॅकेट बांधून देताना कौतुकाने विचारलं होतं, "मॅडम, इतनी परख कहाँ से सीखी?" दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "मोबाइल पे देखा."