पांढऱ्या फळीचा आवाज

बाबा,

आज चष्म्याची काडी बदलायला बोईसरला गेले होते. शेजारच्या दुकानात गिटारी टांगलेल्या दिसल्या आणि माझ्याने राहवलं नाही. आत शिरले, एकीच्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केलं. दुकानदार म्हणाला, "आंटी, ये तबला नहीं है." मी म्हटलं, "मालूम है रे, लकडी देख रही हूँ." तो हसला. हसेना का! लाकूड मुकंच होतं, प्लायवूड असावं. घरी आले ती तुला लिहायलाच बसले. तुला जाऊन पस्तीस वर्षं झाली आणि वाचता तर तुला तेव्हाही येत नव्हतं. तरी लिहिते.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं ती वर्षं. मी बावीस-तेवीसची, परदेशी इंजिनिअर साहेबाच्या घरी कामाला. श्रावणात दोन दिवस लख्ख ऊन पडलं. साहेबाच्या गिटारीला बुरशी धरलेली, हिरवी हिरवी, बघवेना. आपल्याकडे ओल धरली की वस्तू उन्हात टाकायची, मग ती गोधडी असो, पापड असो की सुकी मासळी. मी फडक्याने गिटार पुसली आणि अंगणात खाटेवर उताणी ठेवली, वर मोठी काळजी घेऊन दर तासाला फिरवतही होते, बोंबील फिरवतात तशी! दुपारी काड्‌कन आवाज आला. बाहेर येऊन बघते तर वरची फळी उभी चिरलेली आणि एका बाजूने सरस सुटून उचललेली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. साहेब आला, बघितलं, आणि पायरीवर बसून राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, की ती त्याच्या वडिलांनी दिलेली होती आणि वडील आता नाहीत.

मी ती तशीच पदराखाली झाकून तुझ्याकडे आणली. तू होड्या बांधणारा सुतार, असलं वाद्य जन्मात हाती धरलं नव्हतंस. मी रडत होते आणि तू तिच्या भोकात बोट घालून आतल्या पट्ट्या चाचपत होतास. "रडतेस कशाला? ही पन होडीच हाय," म्हणालास. "फक्त पानी आत यायच्या ऐवजी आवाज बाहेर जातो." मग चीर निरखलीस. "हिला ठिगळ नाय चालायचं. वरची फळी नवीन घालावी लागंल." त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण एक गोष्ट घरात फक्त मला ठाऊक होती. वर्षानुवर्षं होडीच्या सांध्यांत ठोकून ठोकून तुझे कान गेले होते. जाड आवाज पोचायचे, बारीक नाही. माणसाचं बोलणं तू ओठांवरून ओळखायचास. गावात कुणाला पत्ता लागू दिला नव्हतास. कान गेलेल्या सुताराला कोण होडी देणार? सागाची फळी आतून पोकळ आहे का, हे ठोकूनच तर कळतं.

साहेबाने सांगितलं, वरची फळी स्प्रूसची लागते. थंडीच्या मुलखातलं झाड, सावकाश वाढतं. मागवायची तर आगबोटीने यायला सहा महिने. तू म्हणालास, "आलीच हाय की." खरंच की! यंत्रं यायची ती खोकी त्याच पांढऱ्या लाकडाची असायची. आपल्या गावात तेव्हा त्यांची कोंबड्यांची खुराडी झाली होती, न्हाणीची दारं झाली होती. साहेबाने केंद्राच्या फाटकावर दाखवायला चिठ्ठी दिली आणि आपण दोघं त्या खोक्यांच्या ढिगाशी गेलो. अबब, केवढा ढीग! मला सगळं लाकूड सारखंच. तू मात्र एकेक फळी टोकाकडून बघत होतास. गाठ असलेली बाजूला. रेषा तिरक्या गेलेली बाजूला. "हे बघ," तू मला जवळ ओढलंस, "ही एक रेघ म्हंजे एक वरीस. बोटाच्या पेरात मोज." मी मोजल्या, विसाच्या वर भरल्या. माझ्या बोटाच्या पेराएवढं वाढायला त्या झाडाला माझ्याएवढं वय लागलं होतं. अंगावर काटा आला, बाबा. कुठल्या बर्फातलं ते झाड, आणि इथे खाडीच्या वाऱ्यात खिळे ठोकून पडलेलं.

संध्याकाळपर्यंत दोन जाड फळ्या उरल्या. दोन्हींच्या रेघा सुतासारख्या सरळ आणि उभ्या. तू एक फळी दोन बोटांत वरच्या कडेला धरून लोंबती ठेवलीस आणि ठोकलीस. मग दुसरी. मग आवाज हाडांतून तरी येतो का म्हणून पहिलीच्या कडेला दात लावून ठोकलीस, डोळे मिटून. पुन्हा दुसरी. शेवटी माझ्याकडे बघितलंस. तुझा असा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. हळूच म्हणालास, "मला नाय कळत गो. तू ऐक. कुठली जास्त वेळ बोलते?" मी कान लावला. तू ठोकत राहिलास. मी म्हटलं, "ही, उजवी." तू एकदाही "नक्की ना?" म्हणून विचारलं नाहीस.

ती फळी तू जाडीतून चिरलीस आणि खारवायला मासा पाठीतून उघडतात तशी उघडलीस. दोन्ही पानांवर रेघा अगदी जोडीच्या. मग रंधा. इतका पातळ कीस निघायचा की तो बोटांवर घेतला तर खालची नखं दिसायची. होडीला दीड इंची फळ्या लावणारा माणूस तू, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा जाड एवढ्यावर आलास, आणि बोटाने दाबून दाबून थांबायचं कुठे ते ठरवलंस. सरस वाळेपर्यंत गिटार सावलीत होती हे सांगायला नकोच! मला तर तिच्या आसपास फिरकू दिलं नाहीस.

साहेब आपल्या ओसरीवर आला, तारा लावल्या, आणि वाजवली. आवाज घरभर भरला. शेजारपाजारच्या बाया टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. साहेबाचे डोळे भरले. आणि तू न विचारताच पुढे येऊन गिटारीच्या पाठीवर पंजा ठेवलास आणि तसाच राहिलास, जणू आत काही जिवंत आहे. साहेबही वाजवायचा थांबला नाही. मी आयुष्यात देवळात कधी अशी उभी राहिले नाही, जशी त्या दिवशी तुझा हात बघत राहिले. मग तू साऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणालास, "पोरीच्या कानानं निवडली हाय फळी." पुढे प्रत्येक होडीच्या वेळी तू मला बरोबर नेलंस. बायकामाणसाला लाकूडबाजारात कशाला, म्हणून लोक कुजबुजले, तू ऐकलंच नाहीस. तसंही ऐकू येत नव्हतंच म्हणा. अकरा वर्षं तू ठोकायचास आणि मी सांगायचे, आणि तुझी एकही होडी फळीपायी गळली नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार? कपाटात राहील. पण एक गोष्ट तुला जिवंतपणी सांगायचं धाडस झालं नाही, ती इथे लिहून ठेवते. त्या संध्याकाळी त्या दोन फळ्यांत मला काडीचा फरक कळला नव्हता. तू ज्या नजरेने बघत होतास, तिला "मला नाही कळत" असं सांगवेना, म्हणून माझ्या हाताशी जी होती ती दाखवली. ऐकायला मी शिकले ते नंतर, तुला ते कळू नये म्हणून.